गरोदरपणातली कंबरदुखी आणि श्वासाचा आधार

सख्यांनो, पाचवा-सहावा महिना लागला की कंबर धरते. "आम्हीबी असंच काढलं" म्हणून घरात विषय संपतो. पण कंबर का दुखते ते समजून घ्या. पोटाचा भार पुढं ओढतो, कंबरेचा बाक वाढतो आणि शरीरातल्या बदलांमुळं सांधे सैल होतात. त्यात आपल्या पन्हाळ्याकडं पावसाळ्यात भाताची रोपलावण, मग भांगलण, सगळं वाकूनच. दुखायला लागलं की आपण नकळत श्वास कोंडतो, मग पाठ आणखी आखडते.

भिंतीला पाठ टेकून बसा, कंबरेमागं घडी केलेली चादर घ्या. एक हात पोटावर, एक छातीवर. नाकानं सावकाश श्वास घ्या, मनात चार मोजा. पोटावरचा हात पुढं यायला हवा, खांदे उचलायला नकोत. मग गरम चहावर फुंकर मारतो तसा, सहा मोजत श्वास सोडा. सोडताना बाळाला पाठीकडं जवळ घेतल्यासारखं पोट हलकेच आत घ्या, जोर लावू नका. असं आठ-दहा वेळा, सकाळी आणि झोपताना. बसवत नसेल तर डाव्या कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी घेऊन करा. चक्कर आली तर थांबा.

कामातही हेच. वैरणीचा भारा दुसऱ्या कुणाला तरी उचलू द्या. हलकं काही घेताना गुडघ्यात वाका आणि उठताना श्वास सोडा. टीव्हीवर बघून कपालभाती, भस्त्रिका किंवा श्वास रोखून धरणं मात्र अजिबात नको.

यानं ताण उतरतो, पण प्रत्येक कंबरदुखी साधी नसते. कळ ठराविक वेळानं येते-जाते, पोट कडक होतं, अंगावरून रक्त किंवा पाणी जातं, ताप येतो, लघवीला जळजळ होते, पाय बधिर होतो, बाळाची हालचाल कमी वाटते, यातलं एक जरी असलं तरी व्यायाम करत बसू नका. दिवस भरण्याआधीच कळा सुरू झालेल्या असू शकतात. सासूबाईंनो, हे तुम्हीही वाचा. अशा वेळी "सकाळी बघू" म्हणू नका.

आधीपासून रक्तदाब असेल किंवा रक्तस्राव झाला असेल, तर व्यायाम सुरू करण्याआधी नर्सताईंना विचारा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. तिथं कंबरेचं दुखणं स्वतःहून सांगा, कुणी विचारायची वाट बघू नका. वाडीवर गाडी मिळायला वेळ लागतो, म्हणून आशाताईंचा नंबर आणि १०८ घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये आजच घालून ठेवा.