बिल्ड लाल झाला की आधी लॉग वाचा

हेब्बाळमधली आम्ही काही मराठी कुटुंबं मिळून दिवाळी अंक काढतो. छपाई परवडत नाही, म्हणून अंक जेकिलवर बांधलेल्या स्टॅटिक साइटवर असतो. मजकूर गिटवर पुश केला की सर्व्हर पानं बांधतो. जमलं नाही तर लाल फुली दाखवतो. तांत्रिक बाजू माझ्याकडे असल्याने फोन मला येतात. तोवर घाबरून कुणीतरी थीम बदललेली असते, प्लगइन काढलेलं असतं, आणि मूळ बिघाड त्याखाली गाडला जातो.

म्हणून कळकळीने सांगते, कशालाही हात लावण्याआधी लॉग उघडा. शेवटच्या ओळीत काम थांबल्याची वर्दी असते, कारण नसतं. वर सरकत पहिल्या एररपर्यंत जा. तिथे बहुधा फाइलचं नाव सापडतं, कधी ओळीचा आकडाही.

एका लेखाचं शीर्षक होतं, 'हेब्बाळचा वीरगळ: किट्टय्याची गोष्ट'. इ.स. ७५०च्या सुमाराच्या कन्नड शिलालेखावरचा फार चांगला लेख. पण फाइलच्या माथ्यावरची माहिती यामलमध्ये लिहितात, आणि तिथे कोलनपुढे मोकळी जागा आली की त्याला ती नवी नोंद वाटते. शीर्षक अवतरणचिन्हांत घातलं, बिल्ड सुटला. ही कडक तपासणी आम्ही मुद्दाम चालू ठेवली आहे. नाहीतर जेकिल नुसती तक्रार नोंदवून पुढे जातं आणि पान मोडक्या अवस्थेत चढतं.

खरा घाम काढला तो 'वऱ्हाड'ने. अनुक्रमणिकेतली लिंक म्हणे फाइल सापडत नाही, आणि फाइल तर समोर दिसतेय! हा जोडाक्षरातला र दोन तऱ्हांनी टाइप होतो: एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त, दुसरी, साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर तिळमात्र फरक नाही, पण संगणकाच्या लेखी पहिल्या शब्दात ६ चिन्हं, दुसऱ्यात ७. फाइलचं नाव एकाच्या फोनवरून आलं होतं, लिंक दुसऱ्याच्या लॅपटॉपवरून. तेव्हा लेखाचं शीर्षक देवनागरीत खुशाल ठेवा, पण फाइलचं नाव रोमन लिपीत, तेही लहान अक्षरांत. विंडोजला चालणारी लहान-मोठ्या अक्षरांची गफलत लिनक्सच्या सर्व्हरला चालत नाही.

बिल्ड हिरवा आणि पान मात्र गायब, असं झालं तर घड्याळ बघा. पाडव्याचा लेख पहाटे पाचला चढवला, तर यूटीसीवर चालणाऱ्या सर्व्हरवर तेव्हा आदल्या रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात. लेखावर उद्याची तारीख आहे असं समजून जेकिल तो बाजूला ठेवतं. कॉन्फिगमध्ये टाइमझोन 'एशिया/कोलकाता' लिहा. आणि दिवस उजाडला की पान आपोआप येईल म्हणून थांबू नका. बिल्ड पुन्हा चालवावाच लागतो.