झडपेचा आजार : रक्ततपासणीवर किती खर्च करायचा, आणि कधी

मुलाचा गुडघा सुजतो. दोन-तीन दिवसांत गुडघ्याची सूज उतरते आणि घोटा धरतो, मग मनगट. अंगात ताप असतो. दोन-तीन आठवड्यांपूर्वी घसा दुखून गेलेला असतो, पण ते कुणाच्या ध्यानात नसतं. कुणी वाढीचं दुखणं म्हणतं, कुणी तेल चोळतं. ५ ते १५ वयातल्या मुलाचं दुखणं असं एका सांध्यातून दुसऱ्यात फिरत असेल, तर तो ऱ्हुमॅटिक फीवर असू शकतो. सांधे पुढे बरे होतात, हृदयाची झडप मात्र कायमची अधू होऊ शकते.

अशा वेळी डॉक्टर चिठ्ठीवर तीन तपासण्या लिहितात : ईएसआर, सीआरपी आणि एएसओ. खाजगी लॅबमध्ये ढोबळमानाने ईएसआरला १०० ते २०० रुपये, सीआरपीला ४०० ते ६०० आणि एएसओला ४०० ते ७०० रुपये पडतात. म्हणजे हजार-बाराशे रुपये, मजुरी करणाऱ्या घराची दोन-तीन दिवसांची कमाई. ती वाचवता येते. आपल्या रायगड जिल्ह्यातलं कर्जतचं उपजिल्हा रुग्णालय, कशेळे आणि चौकची ग्रामीण रुग्णालयं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रं ही सगळी सार्वजनिक आरोग्य विभागाची आहेत. १५ ऑगस्ट २०२३ पासून तिथे केसपेपरलाही पैसे पडत नाहीत. महालॅब योजनेत रक्ताचा नमुना तिथेच घेतात आणि रिपोर्ट मोफत देतात. कुठली तपासणी तिथे होते आणि रिपोर्ट कधी येईल, एवढं आधी विचारून घ्या.

आता या आकड्यांचा अर्थ. ईएसआर म्हणजे एका उभ्या, बारीक काचेच्या नळीत रक्त ठेवून तासाभरात तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसतात ते मोजणं. वर पिवळसर पाणी दिसतं, खाली लाल थर. शरीरात कुठे दाह असेल तर पेशी एकमेकींना चिकटून भराभर खाली येतात. पण नळी थोडी कलली तरी आकडा वाढतो, आणि नमुना तासन्‌तास पडून राहिला तर आकड्याला अर्थ उरत नाही. म्हणून ईएसआर जवळच्या लॅबमध्येच करा. सीआरपीचा नमुना पुढे पाठवला तरी चालतो. दुसरी गोष्ट, अंगात रक्त कमी असेल तर ईएसआर आपोआप वाढतो. म्हणून सोबत हिमोग्लोबिन बघितलंच पाहिजे.

सीआरपी हे यकृतात तयार होणारं प्रथिन. दाह सुरू झाला की काही तासांत वाढतं, शमला की लवकर उतरतं, म्हणून जास्त भरवशाचं. इथे एक खाच आहे. काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटर लिहितात, काही प्रति डेसिलिटर, आणि दोन्हींत दहापटीचा फरक असतो. एका रिपोर्टवर ३० आणि दुसऱ्यावर ३ असेल, तर आजार उतरला असं धरण्याआधी आकड्यापुढचं एकक वाचा. आपल्याकडच्यासारख्या, हा आजार जास्त आढळणाऱ्या भागांत ईएसआर ३० किंवा त्याहून जास्त, अथवा सीआरपी लिटरला ३० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त असेल, तर डॉक्टर तो निदानाच्या बाजूचा पुरावा धरतात. पण तो एकटा पुरेसा नाही. मलेरिया, लेप्टो, क्षय, साधा गळू, कशानेही हे आकडे वाढतात. महागडी ‘एचएस-सीआरपी’ या कामासाठी लागत नाही.

सगळ्यात जास्त पैसा वाया जातो तो एएसओवर. घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूशी शरीर अलीकडे लढलं, एवढंच ती तपासणी सांगते. ती वाढली म्हणजे झडप बिघडली असं नाही. निव्वळ एएसओ ४०० आला म्हणून दुखऱ्या गुडघ्याच्या मोठ्या माणसाला वर्षानुवर्षं पेनिसिलिन देणं चूक आहे, आणि दर महिन्याला एएसओ करून घेणंही. एकदा केली, पुरे.

आणि हे नीट लक्षात ठेवा : रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आले म्हणजे झडप नॉर्मल, असं अजिबात नाही. जुना आजार निवून गेलेला असतो, ईएसआर-सीआरपी दोन्ही नॉर्मल असतात, आणि आत झडप आवळत चाललेली असते. झडप दिसते ती टूडी इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत. खाजगीत त्याला साधारण १५०० ते ३००० रुपये पडतात. हातात पैसे मोजकेच असतील तर ते इकोसाठी ठेवा. अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. नाहीतर लोकलने भायखळ्याला उतरून जे.जे. किंवा परळचं केईएम. तिथे थोडे पैसे भरावे लागतात आणि तारीख पुढची मिळते, पण दर खाजगीपेक्षा पुष्कळ कमी असतात.

झडपेच्या जुन्या रुग्णाला चार-पाच दिवस ताप राहिला, तर मेडिकलमधून अँटिबायोटिक घेऊ नका. झडपेवरच जंतू बसलेले असू शकतात. आधी ब्लड कल्चर हवं, वेगवेगळ्या जागांहून तीन वेळा रक्त घेऊन. एका नमुन्याला खाजगीत हजाराच्या आसपास खर्च येतो. गोळ्या आधी पोटात गेल्या तर जंतू सापडत नाही आणि उपचार अंदाजाने करावे लागतात. याच कारणासाठी तापात लगेच मोठ्या रुग्णालयात जा.

निदान पक्कं झालं की खरा खर्च सुरू होतो, आणि तो पैशांपेक्षा दिवसांचा असतो. बेंझाथिन पेनिसिलिनची सुई, साधारणपणे दर २१ दिवसांनी. वर्षाला १७-१८ सुया, त्याही किमान ५ वर्षं किंवा १८ वर्षांचं होईपर्यंत, यांत जे जास्त असेल ते. झडपेला इजा असेल तर मुदत आणखी लांबते. औषध दुधासारखं पांढरं आणि दाट, सुईत अडकतं, टोचल्यावर पाय दोन दिवस दुखतो. ॲलर्जीच्या भीतीने काही खाजगी दवाखाने ती द्यायला नकार देतात, तेव्हा सरकारी रुग्णालयच गाठा. पेनिसिलिन सोसत नसेल किंवा झडप फार खराब असेल, तर डॉक्टर गोळ्या देतात.

आपल्या भागातली खरी अडचण दिवाळीनंतर येते. कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर निघतात आणि सुयांचा क्रम तुटतो. निघण्यापूर्वी रुग्णालयातून सुयांच्या तारखांचं कार्ड लिहून घ्या आणि भट्टीजवळच्या आरोग्य केंद्रात दाखवा. शाळा-आश्रमशाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं. त्याच्या यादीत हा हृदयविकार आहे. धाप लागणाऱ्या मुलाला त्या दिवशी घरी ठेवू नका.

झडप फुग्याने उघडणं किंवा बदलणं यासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ मध्ये ती दुसऱ्या नावाने सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत रायगड होता. आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण मिळतं. योजनेतल्या रुग्णालयात रेशनकार्ड आणि आधार घेऊन आरोग्यमित्राला भेटा. दाखल न होता बाहेर केलेल्या तपासण्यांचे पैसे त्यातून मिळत नाहीत, म्हणून त्या सरकारी रुग्णालयातच करून घ्या. हेल्पलाइन १५५३८८.