गढीवरून गंगेकडे उतरताना

नाशिकला येणारा पाहुणा रिक्षाने थेट रामकुंडावर उतरतो, काळाराम बघतो, सीतागुंफेत वाकून जातो आणि पंचवटीतूनच परत फिरतो. नदीच्या उजव्या काठावर, टेकड्यांवर वसलेलं जुनं गाव त्याला दिसतच नाही. मी त्या गावात लहानाचा मोठा झालो. घरी पाहुणे आले, भाचरं सुट्टीला आली की त्यांना तिथे पायी फिरवतो. फिरता फिरता जे उमगत गेलं, ते इथे मांडतो.

१. जुनं नाशिक वरून खाली बघावं.

गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो. गंगेवरून वर चढत गेलं तर धाप लागते आणि गाव म्हणजे नुसता गल्ल्यांचा गुंता वाटतो. वरून उतरत आलं की मांडणी कळते. १८८३ च्या जिल्हा गॅझेटियरमध्ये नाशिक नऊ टेकड्यांवर वसल्याची नोंद आहे. जुनी गढी, नवी गढी, महालक्ष्मी, चित्रघंटा ही त्यांतलीच नावं. आज या टेकड्या घरांखाली झाकल्या गेल्यात, डोळ्यांना दिसत नाहीत. पायांना मात्र बरोबर कळतात. एखाद्या बोळात एका घराची गच्ची आणि मागच्या घराचं जोतं एका पातळीत येतं. तिथे पाहुण्याला थांबवून सांगावं लागतं की आपण आत्ता टेकडीच्या कडेवर उभे आहोत.

२. मातीची गढी ही या गावाची खरी बखर आहे.

पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलिया आणि शांताराम देव यांनी १९५०-५१ मध्ये इथे, म्हणजे वर सांगितलेल्या जुन्या गढीवर, उत्खनन केलं. त्याचा अहवाल १९५५ साली छापून आला. सर्वांत खाली ताम्रपाषाण काळातली वस्ती, तिच्यावर सातवाहनांच्या आगेमागेचे थर आणि अगदी वर मुसलमानी अमदानी व मराठेशाही असा क्रम त्यांना मिळाला. म्हणजे या उंचवट्यातला बराचसा भाग माणसांनीच रचला. घरं पडली, राख साचली, खापरं टाकली गेली, त्यावर पुन्हा घरं उठली.

नदीच्या बाजूने कडा ढासळलेला आहे तिथे हे नुसत्या डोळ्यांनी दिसतं. पिवळट मातीत मध्येच राखेचा करडा पट्टा, त्याखाली विटांचे तुकडे, कुठे तांबड्या खापराची कड बाहेर आलेली. मुलांचे हात लगेच तिकडे जातात. खापर उपसू नका, हे मी आधीच बजावून ठेवतो. थरातून निघालेलं खापर कुठल्या काळाचं हे मग कुणालाच सांगता येत नाही.

पांडवलेण्यातल्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर नाशिकच्या रहिवाशांनी एक गाव दान दिल्याचा ब्राह्मी लेख आहे. ते लोक कुठे राहत असतील, असं मुलं विचारतात, तेव्हा मी याच टेकाडाकडे हात करतो. माझ्या मते नाशिकमध्ये एकच जागा बघायला वेळ असेल तर ती ही.

पण गढीवर आजही माणसं राहतात. पावसाळ्यात कड्याची माती सुटते, घरं रिकामी करण्याच्या नोटिसा येतात, संरक्षक भिंतीची मागणी पुन्हा वर येते. पाऊस ओसरला की विषय मागे पडतो.

३. पुराची उंची नाशिककराच्या तोंडून ऐकावी.

गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं, होळकर पुलाखालून किती गेलं, हे आकडे बातम्यांत येतात. घाटावरचा माणूस विचारतो, मारुतीच्या कुठपर्यंत आलं? दुतोंड्या मारुती नदीतच उभा आहे. पाणी गुडघ्याला म्हणजे घाटावरच्या टपऱ्या हलवायच्या, कमरेला म्हणजे दुकानांतला माल वर चढवायचा, छातीच्या वर गेलं की भांडीबाजार आणि सराफबाजाराची खैर नाही. त्याहून मोठा पूर सांगायचा तर नारोशंकराच्या घंटेचं नाव निघतं. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, तिथली ही पोर्तुगीज घंटा. १७४७ साली बांधलेल्या नारोशंकराच्या देवळाच्या दर्शनी भागावर ती टांगलेली आहे. १९६९, २००८, २०१६, २०१९ या सालांचे पूर लोक याच खुणांनी आठवतात. गंगा जिथे उगम पावते तो ब्रह्मगिरी इथून जेमतेम तीस किलोमीटर. तिकडे पाऊस कोसळला की इकडे गंगा चढायला वेळ लागत नाही, ही समज या खुणांनी पिढ्यान् पिढ्या टिकवली आहे.

४. बुजवलेला नालाही वाहतोच.

दहीपुलावर उभं राहून पाहुणे विचारतात, पूल कुठे आहे? खालून सरस्वती नाला जातो, सराफबाजाराकडून गंगेला मिळतो; वरून तो झाकून टाकलाय. टेकड्यांवरचं पाणी याच खोलगट वाटेने उतरतं. म्हणूनच धरणातून थेंबही सोडलेला नसताना तासाभराच्या जोरदार सरीने सराफबाजारात पाणी शिरतं.

५. काळारामाच्या दाराशी आधी १९३० सांगावं.

सरदार ओढेकरांनी बांधलेलं काळ्या पाषाणाचं हे देऊळ सुंदरच आहे, आणि त्याची कारागिरी सांगणारे पुष्कळ भेटतात. पण २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली याच दारांसमोर अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला, पुढे तो वर्षानुवर्षं चालला, आणि दारं तरीही उघडली नाहीत. मुलांनी हे दगडाच्या आधी ऐकायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

६. रथाच्या वाटेवर भूगोल दिसतो.

चैत्रातल्या कामदा एकादशीला काळारामाच्या देवळातून रामरथ आणि गरुडरथ निघतात. रामरथ नदी ओलांडत नाही. गरुडरथ ओलांडून जुन्या गावात शिरतो. दोन काठांची दोन गावं होती, हे इतक्या थोडक्यात दुसरं काही सांगत नाही.

७. उपाध्यायांची वही उघडायला सांगावी.

रामकुंडावरचे तीर्थोपाध्याय गाव आणि आडनाव विचारतात आणि वंशावळीची जुनी वही काढतात. एकदा विदर्भातून आलेल्या एका स्नेह्यांना त्यांच्या पणजोबांची मोडीतली सही मिळाली. शाई तपकिरी पडलेली, खाली बरोबर आलेल्या भावंडांची नावं. बराच वेळ ते त्या पानावर बोट ठेवून बसले होते. नाशिकचा इतिहास राजेरजवाड्यांइतकाच या वाटसरूंचाही आहे.

८. घाटावर काँक्रीट दिसलं की विचारावं.

२००३ च्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या सुमारास नदीतल्या कुंडांचे तळ काँक्रीटने बंद झाले आणि झरे गुदमरले. लोकांनी पाठपुरावा केला तेव्हा काही कुंडांतलं काढलं गेलं. आता २०२७ चा सिंहस्थ येतो आहे. रस्ते, घाट, पूल यांची कामं होणारच. त्या कामांत गढीची संरक्षक भिंत आणि सरस्वती नाल्याची मोकळी वाट या दोन गोष्टी पहिल्या याव्यात, एवढी मागणी प्रत्येक नाशिककराने आपापल्या नगरसेवकाकडे लेखी द्यावी.