ऐकीव बातमी आणि संपादकाची जबाबदारी

सैन्यातून निवृत्त होऊन मी हरसूलला परतलो, तेव्हा गुप्तवार्ता विभागात शिकलेल्या गोष्टींचा गावात काय उपयोग, असे मला वाटे. या वार्षिकांकाच्या संपादनात मदत करू लागलो आणि उत्तर मिळाले.

हे काही नवल नव्हे. माल्कम मगरिज हे इंग्रज पत्रकार दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश गुप्तवार्ता दलात होते. पुढे १९५३ ते १९५७ या काळात ते ‘पंच’ या लंडनच्या साप्ताहिकाचे संपादक झाले.

गुप्तवार्ता म्हटले की वेषांतर आणि पाठलाग डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात बरेचसे काम मेजावरचे असते. माहिती मिळवायची, पडताळायची, तिचा अर्थ लावायचा आणि ती वेळेत पोचवायची. संपादक तरी दुसरे काय करतो?

पडताळणीची एक पद्धत अशी : बातमी देणाऱ्याला ‘ए’ ते ‘एफ’ यांपैकी एक अक्षर द्यायचे आणि बातमीला १ ते ६ पैकी एक अंक. दोन्ही निर्णय स्वतंत्र. कारण भरवशाचा माणूसही चुकतो आणि लबाडही कधी खरे बोलतो. ‘एफ ६’ म्हणजे खोटे नव्हे. आज ठरवता येत नाही, एवढेच.

एकदा आमच्याकडे आलेल्या लेखात एका पाड्यावरचा रेशन दुकानदार धान्य बाहेर विकतो, असे लिहिले होते. लिहिणारा विद्यार्थी प्रामाणिक होता. त्याने पाच जणांना विचारले होते. मी त्याला पुन्हा पाठवले आणि एकच प्रश्न विचारायला सांगितले, “तुम्ही स्वतः पाहिले, की ऐकले?” पाचही जणांनी एकाच माणसाकडून ऐकले होते आणि त्याचा दुकानदाराशी बांधावरून वाद होता. म्हणजे साक्षी पाच नव्हत्या, एकच होती. मग नोंदवही आणि लोकांजवळच्या पावत्या ताडून पाहिल्या. त्या महिन्याचे धान्यच उशिरा आले होते. आम्ही तेवढेच छापले : धान्य उशिरा आले, घरोघरी उसन्या नागलीवर दिवस काढावे लागले.

आरोप छापला असता, तर त्या घरची मुले मान खाली घालून शाळेत गेली असती. गप्प बसलो असतो, तर लोकांचे हाल कोणाला कळले नसते.

विद्यार्थी मित्रांनो, सैन्यात चुकीची बातमी जवानाच्या जिवावर बेतते. इथे ती कुणाच्या तरी अब्रूवर बेतते. म्हणून लेखणी उचलण्यापूर्वी विचारा, पाहिले, की ऐकले?