अक्षर, यंत्र आणि कवी : र. कृ. जोशी यांच्या निर्मितिप्रेरणेचा विचार

साहित्य आणि दृश्यकला यांच्या परस्परसंबंधाची चर्चा मराठी समीक्षेला नवी नाही. परंतु शब्द ज्या अक्षररूपाने वाचकासमोर येतो, ते रूप या चर्चेत बहुधा गृहीतच धरले जाते. कवी, सुलेखनकार आणि टंकरचनाकार र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांचे कार्य या गृहीताचा फेरविचार करावयास लावते. जाहिरातक्षेत्रातील प्रदीर्घ अनुभवानंतर १९८३ ते १९९६ या काळात त्यांनी मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात अध्यापन केले. काव्य, सुलेखन, अभिकल्प आणि संगणकशास्त्र ही क्षेत्रे त्यांच्या ठायी एकत्र आली, ती एकाच प्रश्नामुळे : ध्वनीला दृश्यरूप कसे लाभते?

यंत्रयुगात हा प्रश्न निकडीचा झाला होता. हातजुळणीच्या छपाईत देवनागरीसाठी शेकडो खिळे लागत. पुढे टंकलेखनयंत्रावर कळांची संख्या मर्यादित असल्याने जोडाक्षरे मोडावी लागली. 'अि, अी, अु' अशी 'अ'ची बाराखडी सुचविणाऱ्या लिपिसुधारणेमागेही मुद्रणसुलभतेचा विचार होता. यंत्राच्या सोयीसाठी लिपीने बदलावे, ही त्यामागील भूमिका होय. जोशी यांची दिशा नेमकी उलट होती. लिपीची प्रकृती जाणून यंत्राला तिच्यासाठी सिद्ध करावे, असे त्यांच्या कार्यातून सूचित होते.

ही प्रकृती 'कि' या साध्या अक्षरातही दिसते. उच्चारात 'क्' आधी आणि इकार नंतर. लेखनात मात्र वेलांटी आधी येते. 'अर्क' या शब्दातील 'र्' उच्चारात 'क'च्या आधी असूनही रफाररूपाने त्याच्या माथ्यावर जातो. युनिकोड पद्धतीत संगणक वर्णांचा हा उच्चारानुसारी क्रम साठवितो आणि त्यांचे दृश्यरूप टंकात अंतर्भूत नियमांनुसार सिद्ध होते. विंडोज २००० बरोबर उपलब्ध झालेला जोशी यांचा 'मंगल' टंक याच व्यवस्थेतील आहे. येथे सुलेखनकाराची दृष्टी आणि वर्णव्यवस्थेचे विश्लेषण यांची फारकत करता येत नाही.

साहित्याच्या अभ्यासकासाठी हा केवळ तांत्रिक तपशील नव्हे. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' या दोन रूपांत भेद आहे तो 'र'च्या आकृतीचा. पण तेवढ्याने गुरुजनांच्या जागी स्वयंपाकी येतात. यंत्राने हा भेद पुसला, तर अर्थच पुसला जातो. दृश्यकवितेत तर अक्षराचा आकार, त्याची आवृत्ती आणि कागदावरील स्थान हाच आशय होतो. अशा कवितेचे वेगळ्या टंकात पुनर्मुद्रण म्हणजे एका अर्थी पाठांतरच होय.

अर्थात या संगमाला मर्यादाही आहेत. तिरप्या कापाच्या बोरूमुळे रेषेला लाभणारी जाड-बारीक लय पडद्यावरील सुवाच्यतेसाठी 'मंगल'मध्ये बरीच आवरलेली दिसते. मात्र हे बंधन स्वीकारूनच अक्षराचा शोध पुढे गेला, हे लक्षात घ्यावयास हवे. विज्ञानाने कवीला केवळ नवे विषय पुरविले, असे येथे म्हणता येत नाही; त्याने कवीच्या मूळ द्रव्याकडे, म्हणजे अक्षराकडेच, नव्याने पाहावयास लावले. म्हणून आधुनिक मराठी संहितांची पाठचिकित्सा करताना शब्दांबरोबरच त्यांच्या मुद्रित रूपाचीही नोंद घेणे अगत्याचे ठरते.