मोडीतला बीकर, पावसाचे माप

शाळेच्या प्रयोगशाळेत काचेचे उभे पेले असतात. त्यांना बीकर म्हणतात. काठाचा टवका उडाला, की बीकर मोडीत निघतो. गुरुजींना विचारून असा एक बीकर घरी आणा. तो गळत नाही ना, एवढे पाहा. काठाने हात कापेल, तेव्हा जपून धरा.

हा बीकर पावसाचे माप आहे. कसे? त्याची बाजू सरळ उभी असते. त्यात जेवढ्या उंचीचे पाणी साठते, तेवढाच पाऊस पडलेला असतो.

बीकर मोकळ्या जागी ठेवा. वर झाड नको, पागोळी नको. भोवती विटा लावा, म्हणजे तो कलंडणार नाही. रोज सकाळी साडेआठला बाहेरून पट्टी लावा. पट्टीचे शून्य पाण्याच्या तळाशी धरा. पाणी 12 मिलिमीटर भरले, तर पाऊस 12 मिलिमीटर. आकडा वहीत लिहा. मग पाणी ओतून टाका.

1 मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी सुमारे 4,000 लिटर पाणी, बरं का!

सोयाबीन 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्यावरच पेरा, असे कृषी खाते सांगते. पहिल्या सरीला भुलून पेरले आणि पावसाने ओढ दिली, तर बी वाया जाते. दुबार पेरणीसाठी कर्ज काढावे लागते. म्हणून आधी वहीतली बेरीज पाहा.

एक मात्र ध्यानात ठेवा. बीकर कितीही धुतला, तरी त्यातून काही खाऊ-पिऊ नका. त्यात विषारी द्रव्ये ठेवलेली असतात. आम्लाच्या रिकाम्या बाटल्या तर घरी आणूच नका.

अभ्यास : सोमवारी पाऊस 18, मंगळवारी 32, बुधवारी 20 मिलिमीटर. एकूण किती? सोयाबीन पेरावे, की थांबावे?