कामामुळे जडलेला आजार दाखवायचा कुठे?

मैत्रिणींनो, आपल्यातल्या कितीतरी जणी खडी क्रशरवर, सूतगिरणीत राबतात. खोकला जात नाही, चढ चढताना दम लागतो. दगडाच्या धुळीने होणारा सिलिकोसिस बऱ्याचदा टीबी समजला जातो. म्हणून डॉक्टरांना आधी सांगा : काम कसलं, किती वर्षं, धूळ किती. हे केसपेपरवर लिहायला सांगा.

१. पगारातून ईएसआय कापतात का? साधारणपणे १० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात, महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल तर हा विमा लागू होतो. मालकाकडून विमा क्रमांक मागून घ्या आणि ईएसआय दवाखान्यात जा. तिथून मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी मिळते. आजार कामामुळेच झाला असं ठरलं, तर भरपाईही मागता येते.

२. ईएसआय नसेल तर जिल्हा रुग्णालय किंवा सरकारी मेडिकल कॉलेज गाठा. कामाच्या आजारांचा वेगळा डॉक्टर तालुक्याला सहसा नसतो. छातीविकाराचे डॉक्टर एक्स-रे आणि फुंकर मारून करायची फुप्फुसाची तपासणी करतात.

३. भरती व्हायची वेळ आली तर महात्मा फुले योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. रेशनकार्ड, आधार सोबत ठेवा. पैसे भरण्याआधी विचारा : हा उपचार योजनेत बसतो का?

सिलिकोसिस पूर्ण बरा होत नाही, धूळ खात राहिलं तर वाढतो. पुढच्या बैठकीला पगारपावती घेऊन या, एकमेकींची तपासून पाहा. खोकणाऱ्या ताईला एकटीला पाठवू नका, गटातली एक जण सोबत जाऊ द्या.